चेहरा वाचावा की चाल?

जॉन डाल यांचा ‘राउंडर्स’ १९९८ साली आला तेव्हा तिकीटबारीवर बेताचाच चालला. पोकर खेळणाऱ्यांनी मात्र पुढे त्याला डोक्यावर घेतलं. आमच्याकडे तो पाहिला गेला तो सुट्टीत कॉलेजातून घरी आलेल्या चिरंजीवांच्या आग्रहाने. नायक माइक (मॅट डेमन) कायद्याचं शिक्षण सोडून लास व्हेगासला निघतो, हे पाहताना फी भरणाऱ्या बापाच्या पोटात गोळा येणारच. पण माझी तक्रार ती नाही. समोरच्याची हूल ओळखायची जी विद्या हा चित्रपट मिरवतो, ती अर्धीच आहे.

बिस्किटाचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. टेडी केजीबी (जॉन माल्कोविच) ओरिओ कानाजवळ नेऊन उघडतो. ते खाल्लं की समजावं, पानं भारी आहेत. माइक ही खूण हेरतो आणि हातातली चांगली पानं टाकून देतो. प्रसंग टाळ्यांचा खरा, पण मंडळी, असा सोयीचा प्रतिस्पर्धी कुणाला भेटतो? हात थरथरतो तो भीतीने की आनंदाने, हे नुसत्या हातावरून कळत नाही.

गंमत म्हणजे खरा धडा याच चित्रपटात आहे. माइक १९८८च्या वर्ल्ड सीरिजमधल्या शेवटच्या डावाची टेप पाहत असतो. टेबलावर राणी, दश्शी, अठ्ठी. जॉनी चॅनकडे गुलाम आणि नव्वी, म्हणजे पाच पानांचा क्रम तयार. एरिक सायडेलकडे राणी आणि सत्ती, म्हणजे राणीची जोडी. चॅनने आपली ताकद लपवली. सायडेलने अखेर सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि तो हरला. चित्रपटाच्या शेवटी माइक टेडीला अशाच सापळ्यात पकडतो. तिथे बिस्किट उपयोगी पडत नाही, चालींनी रचलेली गोष्ट उपयोगी पडते.

प्रत्येक चालीबरोबर खेळाडू आपल्या पानांबद्दल काहीतरी सांगत असतो. आत्ता तो म्हणतो तशी पानं खरोखर असती, तर मागच्या फेरीत तो असाच खेळला असता का? धागा जुळला नाही तर संशय घ्यावा. त्यानंतर हिशेब, आणि त्याला चित्रपट जवळजवळ हातच लावत नाही. मध्ये १०० चिप्स आहेत, समोरच्याने ५० लावल्या. तुम्ही ५० घालून १५० मिळवू पाहता, म्हणजे चारांत एकदा बरोबर ठरलात तरी नुकसान नाही. त्याने १०० लावल्या तर तिनांत एकदा बरोबर ठरायला हवं. स्पर्धेत आणखी एक अडचण असते. चिप्स संपल्या की खेळ संपला, म्हणून बक्षिसं जवळ आली की गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग पडते.

२००३च्या वर्ल्ड सीरिजचं उदाहरण घ्या. ८३९ स्पर्धकांतून सॅम फार्हा आणि क्रिस मनीमेकर हे दोघे उरले. टेबलावरच्या पानांत सर्वांत मोठी नव्वी, आणि फार्हाकडे नव्वीची जोडी. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती, जुळलेलं काहीच नाही. त्याचा इस्पिकचा रंग एका पानासाठी हुकला होता. त्याने सर्व चिप्स लावल्या. रंग हुकला असावा, हा संशय फार्हाने बोलूनही दाखवला, तरी पानं टाकली. वाचन अचूक होतं. पण चूक झाली असती तर त्याची स्पर्धा तिथेच संपली असती. थोड्याच वेळात मनीमेकर २५ लाख डॉलर्स जिंकून विजेता ठरला. ओळखणं एक आणि त्या ओळखीची किंमत मोजणं दुसरं. ‘राउंडर्स’ पहिलं झकास दाखवतो, दुसऱ्याला बगल देतो.

चित्रपट संपल्यावर चिरंजीवांना विचारलं, “अभ्यास कसा चाललाय?” “एकदम मस्त, बाबा.” चेहऱ्यावरून काही कळेना. मग मी त्याच्या सेमिस्टरभरातल्या चाली आठवल्या, आणि म्हणालो, “दाखव पानं.”