घाव आणि नियम : चतुरंगपटापासून भूमिकाखेळापर्यंतच्या युद्धनियमांची चिकित्सा

प्रस्तावना

खेळ हा केवळ करमणुकीचा विषय आहे, असे आपल्याकडील विद्यापीठीय अभ्यासात बहुधा गृहीत धरले जाते. दख्खनची जुनी परंपरा मात्र वेगळी आहे. आजचा बीड परिसर ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत होता, त्या घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्याची पाचवी विंशती क्रीडांना वाहिलेली असून तीत चतुरंगाचाही विचार आहे. याच दृष्टीने प्रस्तुत लेखात भूमिकाखेळांतील, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळावयाच्या रोलप्लेइंग गेममधील, युद्धनियमांची चिकित्सा केली आहे. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो, एक जण सूत्रधार असतो आणि अनिश्चित कृतींचे फळ फासे टाकून ठरते. हे नियम उत्तरोत्तर वास्तववादी होत गेले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. प्रत्येक नियमाने एकाच प्रश्नाचे आपले उत्तर दिले आहे : ज्याच्यावर घाव पडला, त्याचे पुढे काय?

पट आणि मैदान

बुद्धिबळात मोहरे मारले गेले की ते पटाबाहेर जाते. घाव आणि मृत्यू यांत तेथे अंतरच नाही. अकराव्या शतकात अल्बेरूनीने भारतातील चौघांच्या चतुरंगाचे वर्णन केले आहे. त्यात फासे होते. परंतु कोणते मोहरे हलवावयाचे एवढेच ते ठरवीत. घावाच्या परिणामाविषयी तेथेही शंका नव्हती.

हुतूतूच्या मैदानावर मात्र या प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा उठतो. ‘गामिनी’त संपूर्ण संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राहतो. ‘अमर’ प्रकारात तो मैदान सोडतच नाही, केवळ गुण मोजला जातो. तीन नियमांमुळे मरणाच्या तीन कल्पना निर्माण झाल्या, हे येथे लक्षात घ्यावे.

नकाशावरील युद्ध

प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट फॉन राइसविट्स याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात पटाच्या जागी १:८००० प्रमाणाचा नकाशा आला, एक डाव दोन मिनिटांच्या प्रत्यक्ष काळाएवढा मानला गेला आणि हानी किती झाली हे फासे व कोष्टके यांवरून पंच ठरवू लागला. तुकडी एकदम नाहीशी न होता क्रमाने क्षीण होऊ लागली. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ याने कोष्टकांचे जोखड झुगारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. नियम श्रेष्ठ की निर्णय, हा वाद येथे सुरू झाला आणि भूमिकाखेळांना तो वारशाने मिळाला.

पात्राचे प्राण

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक १९७१ मध्ये निघाले. त्यात सामान्य सैनिक एका यशस्वी घावात मरे. वीरपुरुष चौघांच्या तोडीचा मानला जाई. गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) मात्र खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच पात्र आले. प्यादे गेल्याचे दुःख बुद्धिबळपटूला होत नाही; येथे खेळाडूच प्यादे झाला होता. एका फाशात त्याला संपविणे म्हणजे त्याला टेबलावरून उठविणे होय. म्हणून ‘हिट पॉइंट’ म्हणजे प्राणांक महत्त्वाचे ठरले. घाव लागला की त्यांतून काही वजा होतात. शून्य होईपर्यंत पात्र लढत राहते. ही कल्पना आपण चिलखती जहाजांच्या युद्धखेळातून घेतली, असे आर्नेसन यांनी सांगितले आहे. जहाजाचा हिशेब माणसाला लागू झाला, ही बाब अर्थपूर्ण आहे.

या हिशेबातील उणीवही तेथेच आहे. एकच प्राणांक उरलेला योद्धा पूर्ण बळानेच तलवार चालवितो. प्राणांकांत शरीरबळाबरोबर कौशल्य, दैव व दैवी कृपाही धरावी, असे समर्थन गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये केले. याच्या उलट ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) घाव हात, पाय, मस्तक अशा अवयवांवर वाटला आणि घाव अडविण्याचा स्वतंत्र नियम केला. तेथे जखमेला स्थान मिळाले, पण मोजदादही वाढली. एका नियमाने खेळाडूला जगविले, दुसऱ्याने जखमेला महत्त्व दिले. यांपैकी एक प्रगत आणि दुसरा मागास, असे म्हणता येत नाही.

नियमांचे भाषांतर

मराठीत असे खेळ रचावयाचे झाल्यास हा विचार उपयोगी पडेल. मुंबईत १८१४ मध्ये त्रेवंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध झाले. ते युरोपीय पद्धतीस अनुसरून केले आहे, असे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले, शेवटच्या घरी पोचल्यावर ते त्या घराचे मोहरे होई आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. नियम बदलले की शब्द तेच राहूनही प्याद्याचे भवितव्य बदलते. म्हणून परकीय खेळातील राक्षसांना मराठी नावे दिल्याने तो खेळ मराठी होणार नाही.

निष्कर्ष

युद्धनियमांचा इतिहास हा अचूकतेकडे जाणारा सरळ रस्ता नसून घाव, मरण आणि पंचाचा अधिकार यांविषयीच्या भूमिकांचा इतिहास आहे. प्राणांकांनी मरण लांबविले, परंतु वेदना हिशेबातून वगळली. ‘संजीवनी’ आणि ‘अमर’ यांतील भेद ज्या समाजाला मैदानावर ठाऊक आहे, त्याला या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर शोधणे अवघड नाही. साहित्य, इतिहास व शारीरिक शिक्षण या विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.