‘मिळणेबाबत’: निवेदनांचं एक वाचन

आजचा विषय वाचून एका स्नेह्यांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं घरकुलात काय काम? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही नोकरीची सगळी वर्षं वाक्यं तपासण्यात घालवली, आणि हा मामला शेवटी वाक्यांचाच आहे, असं आमचं मत झालं आहे.

झालं असं की, मोर्णेकाठच्या एका वस्तीत घरांच्या प्रश्नावर काम करणारी एक लहान संस्था आहे. तिची पोरं एक फुगलेली फाइल घेऊन आमच्याकडे आली. आमदार, खासदार, पालकमंत्री यांना सात-आठ वर्षांत दिलेल्या निवेदनांच्या शिक्का मारलेल्या पोचप्रती त्यात होत्या. ‘सर, पुढचं निवेदन द्यायचं आहे. शुद्धलेखन पाहून द्या.’ शुद्धलेखन बरं होतं. बिघाड दुसरीकडेच होता.

प्रत्येक निवेदनाचा विषय एकच: ‘घरकुल मिळणेबाबत.’ या ‘मिळणे’ला कर्ता नाही. कोणी द्यायचं, कोणत्या योजनेतून, किती घरांना, काही नाही. पाऊस पडणेबाबत म्हणावं तसं ते आहे. शेवट ठरलेला: ‘तरी उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’ इथंही करणारा गायब. मग आमदारसाहेबांचं पत्र जोडून तो कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, ‘पुढील कार्यवाहीस्तव’. तिथून महापालिकेकडे, तोच शेरा घेऊन. या प्रवासात कोणीही खोटं बोललेलं नसतं आणि कोणी काही केलेलंही नसतं. कर्ताच नसलेल्या वाक्याला नकार तरी कोण देणार? फाइलमध्ये सात-आठ वर्षांत एकही नकार नाही, हे आम्हाला सर्वांत बोलकं वाटलं.

आता आशयाकडे येऊ. एका निवेदनात खासदार निधीतून घरं बांधून मागितली आहेत. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा. त्यातले किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांवर खर्च व्हावेत, असा दंडक आहे. पण त्यातून सार्वजनिक काम होतं. रस्ता, नाली, सभागृह. कोणाचं खाजगी घर होत नाही. म्हणजे दार चुकलं. घराचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. पण त्यातली एक अट नडते: जागा नावावर पाहिजे.

म्हणजे या वस्तीचा प्रश्न घराचा नाहीच, पट्ट्याचा आहे. १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जागेवरची राहती अतिक्रमणं नियमित करण्याचे निर्णय राज्य सरकारनं २०१८ मध्ये काढले. फाइलमध्ये त्यानंतरची अकरा निवेदनं आहेत. एकातही त्या निर्णयाचा उल्लेख नाही. २०१६ मध्ये शहराच्या हद्दीत २४ गावं आली. त्या बाजूच्या घरांसाठी केलेल्या निवेदनांना मालकीचा पुरावा म्हणून नमुना आठ जोडला आहे. अहो, नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. तो आपण कर भरतो हे सांगतो, जमीन आपली आहे हे सांगत नाही. माणसानं वीस वर्षं कर भरावा आणि तरी त्याला अतिक्रमणदार म्हणावं, यात एक नैतिक विसंगती आहे खरी. ती निवेदनात मांडायला हवी होती. उतारा नुसता जोडून ती मांडली जात नाही.

ही कामं राजकारणाची, आपण सेवाभावी, असं कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. उमेदवाराचा प्रचार करणं वेगळं आणि निवडून आलेल्याला त्याचं काम सांगणं वेगळं. ‘लॉबिंग’ शब्दाला आपल्याकडे दलालीचा वास येतो, म्हणून तो सोडून द्या. आपला ‘पाठपुरावा’ शब्द चांगला आहे. त्यात मागे लागणंही आहे आणि पुरावाही.

पुराव्यावरून मुंबई आठवते. १९८५ च्या जुलैत फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेला जगण्याच्या हक्काचा भाग मानलं, पण झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेनं फुटपाथवरची सुमारे सहा हजार कुटुंबं मोजली. कोण कुठून आलं, काय काम करतं, किती कमावतं. तोवर सरकारपाशी ही माणसं आकड्यातही नव्हती. पुढे ‘महिला मिलन’च्या बायकांनी घराचा पूर्ण आकाराचा नमुना उभारून अधिकाऱ्यांना त्यात बोलावलं. सरकारशी जवळीक ठेवण्याच्या या पद्धतीवर टीकाही झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. पण घर मागणाऱ्यानं घर दाखवणं, यात हात पसरणं नाही.

आणखी मागे जा. बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक तेव्हा संमत झालं नाही. पण मोर्चा आला तेव्हा मागणीचा कायदेशीर मसुदा सभागृहाच्या टेबलावर आधीच होता.

आपल्याकडे नुसता मोर्चा असतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं की वऱ्हाडातून गाड्या भरून माणसं जातात आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवली जातात. २३ नोव्हेंबर १९९४ ला तिथंच गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. दारापर्यंत जाऊ न शकलेल्या मागणीची किंमत विदर्भाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच म्हणतो, आतली दारं वापरा. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती आहे. आराखडा ठरून गेल्यावर एप्रिलमध्ये हार घेऊन गेलात, तर साहेब चहा पाजतील. बस.

हाराचं निघालं म्हणून सांगतो. फाइलमध्ये निवेदन देतानाचे फोटो होते. ते आम्ही वस्तीत नेले. एक म्हातारी बाई निरखून पाहत म्हणाली, ‘भाऊ, यात साहेब हाये, तुमचे पोट्टे हाये, आमी कुठी हावो?’ आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

शुद्धलेखन बाजूला ठेवून आम्ही संस्थेला नवा विषय लिहून दिला: ‘अमुक सर्व्हे नंबरातील घरांची भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी कोणत्या तारखेला होणार, असा तारांकित प्रश्न आपण येत्या अधिवेशनात विचारावा.’ पोरांना ते उद्धट वाटलं. ‘नम्र विनंती’ तेवढी राहू द्या म्हणाले. राहू दिली.

पण आमदारांनी किती घरं म्हणून विचारलं, तर आकडा नको का? म्हणून आता वस्तीतल्या बायकाच यादी करताहेत. घर, माणसं, कधीपासून राहतात, कागद कोणता. नऊ घरं राहिली आहेत. त्यांना कुलूप आहे. माणसं वीटभट्टीवर गेली आहेत. ती उन्हाळ्याअखेर येतील, आणि अधिवेशन त्याआधी आहे. त्या नऊ घरांपुढे काय लिहायचं, यावर परवा बैठकीत दोन तास वाद झाला. शेजारच्या बाईनं सांगितलेलं लिहावं, असं आम्ही सुचवलं. बायकांनी ते साफ नाकारलं. दोघीजणी भट्टीवर जाऊन विचारून येणार आहेत.