स्पंदित लेसरमधील फोटॉनसंख्येचा अंदाज : एक चिकित्सा

पदवी स्तरावर स्पंदित लेसरच्या एका स्पंदातील फोटॉनसंख्या काढण्याचे उदाहरण बहुधा केवळ भागाकार म्हणून सोडविले जाते. सरासरी शक्तीला प्रतिसेकंद स्पंदसंख्येने भागल्यास स्पंदाची ऊर्जा मिळते. तिला एका फोटॉनच्या ऊर्जेने भागले की उत्तर हाती येते. ही रीत बरोबर आहे. मात्र मिळालेल्या संख्येचा अर्थ अनुत्तरितच राहतो, हा प्रस्तुत लेखाचा आक्षेप आहे.

समजा, 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरची सरासरी शक्ती 100 मिलिवॅट असून तो सेकंदाला 10 स्पंद देतो. स्पंदाची ऊर्जा 10 मिलिज्यूल व फोटॉनसंख्या सुमारे 2.7×10¹⁶ येते. येथे स्पंदाचा कालावधी लागत नाही. तो शिखरशक्ती ठरवितो, संख्या नव्हे. शक्तिमापकात 5 टक्के त्रुटी असल्यास संख्येतील अनिश्चितता सुमारे 1.3×10¹⁵ होते. म्हणून पाच-सहा सार्थ अंक लिहिणे म्हणजे अचूकतेचा आभास होय. आदर्श लेसरमधील प्वासाँ वितरणानुसार होणारा चढउतार मात्र अवघा 16 कोटींच्या आसपास, म्हणजे नगण्य असतो.

स्पंद अतिक्षीण केल्यावर चित्र पालटते. सरासरी 0.1 फोटॉन असलेल्या दर 1000 स्पंदांपैकी सुमारे 905 रिकामे, 90 एका फोटॉनचे आणि 5 दोन वा अधिक फोटॉनांचे असतात. ‘दर स्पंदात 0.1 फोटॉन’ हे विधान संभाव्यतेवाचून निरर्थक ठरते. पुंजीय कूटलेखनात हे पाच स्पंदच धोक्याचे, कारण जादा फोटॉन गुपचूप काढून घेता येतो.

हा विषय बोनकोडेच्या परिसरातील अध्यापकांपासून दूर नाही. प्रकाशाच्या पुंजीय वर्णनाला 1963 मध्ये पायाभूत योगदान देणारे जॉर्ज सुदर्शन तरुणपणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत होते. डिसेंबर 2020 मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेने हैदराबादेतील आपल्या दोन प्रयोगशाळांदरम्यान पुंजीय किल्लीवितरणाचे प्रात्यक्षिक केले.

सारांश, उत्तराबरोबर मापनातील त्रुटी लिहिणे आणि ‘ही सरासरी आहे’ असे नमूद करणे, या दोन अटी प्रात्यक्षिकात बंधनकारक असाव्यात. अन्यथा विद्यार्थी भागाकार शिकेल, फोटॉन नव्हे.