रेषा हरवतात तेव्हा

ईटा कॅरिनी या ताऱ्याच्या वर्णपटात, निळ्या भागात, 468.6 नॅनोमीटरवर आयनित हेलियमची एक रेषा आहे. एरवी ती असून नसल्यासारखी. पण दर साडेपाच वर्षांनी ती महिना-दोन महिने चढत जाते, टिपेला पोचते आणि आठवडाभरात कोसळून दिसेनाशी होते. मग महिनाभराने पुन्हा डोकावते, आधीपेक्षा कमी जोराने. ताऱ्याच्या एकूण प्रकाशात या रेषेचा वाटा नगण्य आहे. तरी हा तारा वाचायचा तर मी इथूनच सुरुवात करीन, कारण त्याच्याकडचं सर्वांत महत्त्वाचं तो अशा गैरहजेरीतूनच सांगतो.

अगस्त्याच्याच तारकासमूहातला हा तारा आपल्यापासून सुमारे 7500 प्रकाशवर्षं दूर आहे. एप्रिलच्या रात्री कोकणात दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळालं, तर अगस्त्य आणि त्रिशंकू यांच्या मधल्या पट्ट्यात तो शोधता येतो. मुंबईहून तो क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर येतो, त्यामुळे दुर्बीण जवळ असलेली बरी.

त्याच्या वर्णपटात आणखीही काही रेषा अशाच मावळतात. दोन-दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनच्या, आर्गॉनच्या, लोखंडाच्या. त्या वेळी शेजारच्या, एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या रेषा मात्र जागच्या जागी असतात. एन्रिके गाव्हिओला यांनी अर्जेंटिनात घेतलेल्या वर्णपटांत 1948 साली ही क्षीणता नोंदली गेली होती. 1965 आणि 1981 मध्येही ती दिसली. दर वेळी ती एकेक सुटी घटना वाटली; ताऱ्याने वायूचं एखादं कवच भिरकावलं असेल, असा अर्थ लागत होता. ब्राझीलचे आउगुस्तो दामिनेली यांनी स्वतः वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदी या जुन्या नोंदींशेजारी मांडल्या आणि 1996 साली 5.52 वर्षांचं चक्र जाहीर केलं. पुढची घटना 1997 संपता संपता किंवा 1998 उजाडताना घडेल, हेही सांगून टाकलं. ती घडली! मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी उणिवांना पुरावा मानलं. चमकणाऱ्या गोष्टीची नोंद कोणीही ठेवतो. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या हातांनी टिपलेल्या अभावांत लय ऐकायला निराळा कान लागतो.

इतकं काटेकोर चक्र म्हणजे कक्षा, आणि कक्षा म्हणजे जोडीदार. मोठा तारा सूर्याच्या नव्वद-शंभर पट वस्तुमानाचा, धाकटा सुमारे तीस पट. धाकटा अधिक तप्त, पण थोरल्याच्या झगमगाटात बुडालेला. कक्षा कमालीची लांबट आहे. दूर असताना दोघांत सूर्य आणि नेपच्यून यांच्याइतकं अंतर पडतं, तर जवळ येतात तेव्हा सूर्य आणि मंगळ यांच्याइतकंच उरतं. धाकट्याचे अतिनील किरण आसपासच्या वायूतले इलेक्ट्रॉन उडवतात, म्हणून निऑन-आर्गॉनच्या त्या रेषा उजळतात. थोरल्यातून वाहणाऱ्या वायूच्या दाट वाऱ्यात तो बुडी मारतो तेव्हा हे किरण तिथेच अडतात आणि दूरच्या वायूतल्या रेषा विझतात. एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या रेषांना एवढ्या ऊर्जेची गरजच नसते.

दोघांचे वारे एकमेकांवर आदळतात तिथून क्ष-किरण निघतात. थोरल्याचा वारा सेकंदाला चार-पाचशे किलोमीटर वेगाचा पण जड, धाकट्याचा विरळ पण 3000 किलोमीटरचा. तारे जवळ येतील तसे क्ष-किरण उसळत चढतात आणि मग एकदम कोसळतात. ही पडझड दर वेळी समेवर येते. सावरणं मात्र ठरलेलं नाही. 1998 आणि 2003 मध्ये त्याला जवळपास तीन महिने लागले, 2009 मध्ये ते महिनाभर लवकर झालं, आणि 2020 मध्ये त्याहूनही लवकर. कक्षा तीच असताना हा फरक का पडावा? थोरल्याचा वारा मंदावतो आहे का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. माझ्या मते या ताऱ्याच्या वाचनातली ही सर्वांत उत्कंठेची जागा आहे.

तेजस्वितेचा आलेख नुसता वाचला तर तो फसवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी आठव्या प्रतीपर्यंत उतरलेला हा तारा आता चौथ्या प्रतीच्या आसपास आहे. पाहणाऱ्याला वाटावं, तारा फुलतो आहे. पण त्याचाच प्रकाश परावर्तित करणारा भोवतालचा तेजोमेघ त्या प्रमाणात उजळलेला नाही. म्हणजे बदल ताऱ्यात फारसा नसून आपल्या दृष्टिरेषेत आडवी आलेली धूळ विरळ होते आहे, असं दामिनेली आणि सहकाऱ्यांनी अलीकडे मांडलं.

कक्षा कळल्यावर जुन्या नोंदींनाही नवा अर्थ आला. केप ऑफ गुड होप इथे जॉन हर्शेल यांना डिसेंबर 1837 मध्ये हा तारा अचानक उजळलेला दिसला. 1843 मध्ये तर व्याध सोडला तर रात्रीच्या आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा नव्हता. हे उजळणं म्हणजे मोठा स्फोट होता, आणि त्यात त्याने निदान दहा सूर्यांएवढं द्रव्य उधळलं. ते द्रव्य जाण्याआधी कक्षाकाल काही टक्क्यांनी कमी असणार, हे धरून नेथन स्मिथ आणि डेव्हिड फ्रू यांनी 2011 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा तेजस्वितेची 1838 आणि 1843 ची दोन्ही अल्पजीवी शिखरं जोडीदार जवळून गेल्याच्या काही आठवड्यांच्या आत पडली.