‘नंतरचे वर्तन’ : एका कलमाची शब्दयोजना

महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. नवा पूल ५ जून २०१७ रोजी खुला झाला. भरपाईच्या दिवाणी दाव्यात असा नवा पूल पूर्वीच्या निष्काळजीपणाचा पुरावा ठरावा काय?

इंग्लंडातील हार्ट खटल्यात (१८६९) बॅरन ब्रॅमवेल यांनी अशा अनुमानास विरोध केला. अमेरिकेच्या संघीय पुरावा-नियमांतील ४०७ वा नियम तशी मनाईच करतो. आपल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमात अशी स्पष्ट मनाई नव्हती. त्याचे ८ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ६ वे कलम झाले आहे. वादतथ्याने किंवा संबद्ध तथ्याने ‘प्रभावित’ झालेले वर्तन, मग ते आधीचे असो वा नंतरचे, त्याने संबद्ध ठरते.

दोष आहे तो या ‘प्रभावित’मध्ये. नवा पूल कोसळण्याच्या घटनेने प्रभावित आहे, हे निर्विवाद. तो निष्काळजीपणाच्या जाणिवेनेही प्रभावित आहे, हे मात्र त्यातून निघत नाही. शब्द दोहोंना एकाच मापाने मोजतो. कलमाखालील दृष्टान्त पाहावेत : फरारी होणे, पुरावा नष्ट करणे. ही अपराधी मनाची लक्षणे होत. दुरुस्तीचा दृष्टान्त त्यांत एकही नाही. दुरुस्ती निर्दोष माणूसही करतो.

समजा, वरंध घाटात दरडीखाली वाहन सापडले आणि मागाहून तेथे जाळी बसविली गेली. (वरंधकरांना हे उदाहरण दूरचे वाटणार नाही.) ‘येथे जाळी बसणेच अशक्य होते’ असा प्रतिवादीचा बचाव असल्यास ती जाळी अवश्य पुराव्यात यावी, त्या बचावाअभावी तिला कबुलीजबाबाचे स्थान देऊ नये.