‘स्मार्ट’ पेसमेकरची हुशारी

शरीरात बसवायच्या किंवा अंगावर वागवायच्या उपकरणांविषयी जे लिहिले जाते, त्यात ‘स्मार्ट’ हे विशेषण फार सैलपणे वापरलेले असते. उपकरण म्हणे शरीराची गरज ओळखते!

हालचालीनुसार हृदयाची गती कमीजास्त करणारे पेसमेकर १९८०च्या दशकात आले. त्यांच्या धातूच्या डबीला आतून पीझोइलेक्ट्रिक स्फटिक चिकटवलेला असे. माणूस चालू लागला की शरीर कंप पावते, स्फटिक किंचित ताणला जातो, त्यातून विद्युतसंकेत निघतो आणि ठोके वाढवले जातात. कल्पना सुरेख. पण स्फटिक मोजतो तो कंप. हृदयाची गती ठरायला हवी ती श्रमावरून. जिना चढताना श्रम जास्त, मात्र उतरताना पाऊल आदळते. म्हणून ठोके चढताना कमी आणि उतरताना अधिक वाढतात, असे उलटेच चित्र दिसले. व्यायामाच्या स्थिर सायकलवर घाम गाळणाऱ्याची छाती फारशी हलत नाही, तेव्हा त्याची गती अपुरी पडे. खडबडीत रस्त्यावर वाहनात नुसत्या बसलेल्याची वाढू शके. ज्याला चढताना धाप लागते, त्या रुग्णाला ‘स्मार्ट’ या शब्दाचा काय उपयोग?

पुढे प्रवेगमापक आले. छातीच्या विद्युतरोधातील बदलावरून श्वसन मोजण्याची सोयही काही पेसमेकरमध्ये झाली. श्वसनाचा श्रमाशी संबंध अधिक जवळचा, म्हणून दोष कमी झाला. या सुधारणेचे श्रेय योग्य राशी निवडण्याला आहे, आणि लोकप्रिय लेखांतून नेमके तेच गाळले जाते.

मनगटावरचे पाऊलमापकही पाऊल मोजत नाही, हाताचे हेलकावे मोजते. वर्गात कोणाकडे असे घड्याळ असेल, तर त्याला सायकल हातात धरून शंभर पावले चालायला सांगावे आणि आकडा पाहावा.