‘पहिली’ आत्महत्या : प्रमाणाचा एक प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाण या गावचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात, पवनारजवळ, पत्नी व मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातील ‘पहिली शेतकरी आत्महत्या’ म्हणून या घटनेचा उल्लेख होतो, आणि २०१७ पासून त्या दिवशी अनेक ठिकाणी उपवास पाळला जातो. प्रस्तुत टिपणाचा विषय ही घटना नाही. ‘पहिली’ हे विशेषण आहे. ते घटनेचे विशेषण आहे की आपल्या ज्ञानाचे?

त्याआधी कर्जापायी कोणी शेतकरी मेला नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. मग ‘पहिली’ म्हणजे शेतकरी आत्महत्या म्हणून ओळखली गेलेली पहिली. पण ‘ओळखणे’ म्हणजे काय, या प्रश्नावर भारतीय प्रमाणशास्त्रात शतकानुशतके वाद झालेला आहे. दिङ्नागाच्या मते प्रत्यक्ष हे कल्पनेपासून मुक्त असते; नाम, जाती, गुण यांची जोड मागाहून बुद्धी देते. नैयायिकांना हे मान्य नाही. विशेषणासह वस्तू दिसते तेही त्यांच्या लेखी प्रत्यक्षच. दिङ्नागाचा निकष लावला तर १९८६ मध्ये पाहणाऱ्यांना दिसले ते मृत्यू. ‘शेतकरी आत्महत्या’ ही जाती मागाहून घडली, आणि घडल्यावर तिने मागे वळून आपला आरंभबिंदू निवडला. नैयायिक विचारील, की या मृत्यूंमध्ये समान असे काहीच नसेल तर ही जाती इतक्या घट्टपणे त्यांना चिकटते कशी? माझा कल येथे नैयायिकाकडे आहे. दिङ्नागाच्या बाजूने बोलताना आपल्याकडचे काही विद्वान फार लवकर ‘हे सारे भाषेने रचलेले’ या निष्कर्षावर जाऊन पोहोचतात. खुद्द दिङ्नागाच्या लेखी स्वलक्षण, म्हणजे ती एकेक व्यक्ती, हीच सत् आहे, हे सोयीस्कर विसरून.

शासनाची ज्ञानमीमांसा यापेक्षा सरळ आहे. मदतीसाठी प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. सातबारा हवा, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे, ते थकलेले हवे. प्रमाण एकच, कागद. तोंडी घेतलेले पैसे, दुसऱ्याच्या नावावरची कसलेली जमीन यांना या ज्ञानव्यवस्थेत अस्तित्वच नाही. मीमांसकांचे अर्थापत्तीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे : लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असलाच पाहिजे. कागदावर कर्ज नाही आणि माणूस तर गेला. येथे मीमांसक न दिसलेल्या कर्जाचा निदान शोध तरी घेईल. समिती ‘अपात्र’ असा शेरा मारील. अर्थापत्तीने पैसे वाटता येत नाहीत हे मान्य आहे. प्रशासनाला कुठेतरी थांबावेच लागते. पण प्रमाण नाही म्हणून प्रमेय नाही, असे मानणे हा तर्कदोष आहे, आणि तो शेरा मृताच्या घरी आयुष्यभर राहतो.

साहित्यसमीक्षेने या बाबतीत शासनाला हसावे अशी तिची स्थिती नाही. यवतमाळ येथे जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटन याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झाले. त्या श्याम पेठकरलिखित, हरीश इथापेदिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात काम केलेल्या. निमंत्रण मागे घेणे निषेधार्हच होते. येथे मुद्दा वेगळा आहे. अशा वेळी आपण त्या बोलण्याला ‘हृदयस्पर्शी’ म्हणतो, ‘अस्सल’ म्हणतो. ‘खरे’ किंवा ‘खोटे’ म्हणत नाही. म्हणजे ते बोलणे भावनेच्या खात्यात जमा होते, ज्ञानाच्या नव्हे. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत ‘अनुभवाची अस्सलता’ हा निकष आपण आदराने वापरला खरा. पण त्याच निकषाने लेखकाला साक्षीदार करून अर्थ लावण्याचा अधिकार समीक्षकाने स्वतःकडे ठेवला.

शब्दप्रमाणाची चर्चा येथे उपयोगी पडते. वात्स्यायनाच्या मते ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जो तो जाणल्याप्रमाणे सांगू इच्छितो तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. आप्तत्व जन्मावर वा विद्येवर अवलंबून नाही, ही त्या काळच्या मानाने विलक्षण भूमिका आहे. या भूमिकेतून त्या बाईंचे बोलणे ऐकायचे तर ते तपासावे लागेल, प्रसंगी खोडावेही लागेल. नुसते गहिवरून चालणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ‘तेरवं’ची संहिता दुसऱ्याने लिहिलेली आहे, रंगमंचावरचे वाक्य बोलणारीचे नाही, मग आप्तवचन कोणाचे? माझ्या मते येथेच त्या नाटकाचे वैशिष्ट्य आहे. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य ती स्त्री उच्चारते तेव्हा ते आपल्या जाणिवेशी जुळते की नाही, हे तालमीत तिला रोज ठरवावे लागते. कुठे थांबायचे, कोणता शब्द खाली टाकायचा, हे निर्णय आहेत, आणि ते जाणत्या व्यक्तीचेच असू शकतात. ‘तो अभिनय वाटतच नव्हता’ अशी स्तुती करण्याचा मोह अशा प्रयोगानंतर होतो. त्या एका वाक्याने आपण तिने केलेले सारे काम तिच्याकडून काढून घेतो.